ताईच्या वतीने सही

त्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्या दिवशी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहून गप्प बसले. म्हणून हे सांगायला बसले आहे.

नळदादा आणि मी पाणीपुरवठा कार्यालयात एकत्र. ते घरोघरी फिरून पाण्याची मीटरं वाचायचे आणि त्यांनी आणलेले आकडे मी संगणकात भरायची. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे नळदादाच म्हणायचे. अंगाने किडकिडीत, खांद्याला टॉर्च आणि जुना टॉवेल. मीटरच्या खड्ड्यात चिखल असला की टॉवेल अंथरून त्यावर गुडघे टेकायचे आणि काच पुसून आकडा वाचायचे. बाकीचे लोक दार बंद दिसलं की मागच्या महिन्यावरून अंदाजे आकडा टाकून मोकळे व्हायचे. दादा तीन खेपा घालायचे. मी म्हणायची, "दादा, चार-दोन लिटर इकडे तिकडे, कोण बघतंय?" त्यावर ते म्हणत, "अगं, न बघता लिहायचं तर मग मी कशाला, तूच लिही बसल्या जागी."

त्यांना एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, त्यामुळे दादांना वाढवलं ते या ताईनेच. अंघोळ घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं. दादा चौदा वर्षांचे असताना ती नर्स म्हणून परदेशात गेली आणि तिकडचीच झाली. तिकडेच लग्न, एक मुलगी, पुढे नवराही तिकडेच वारला. पण दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. चव्वेचाळीस वर्षांत तो चुकला नाही. साठीच्या घरातल्या माणसाला ती अजून 'बारक्या' म्हणून हाक मारायची आणि जेवलास का, असं विचारायची.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती म्हणाली, "बारक्या, मी परत येणार. मला तिकडे एक घर बघ."

"आमच्याकडे राहा की," दादा म्हणाले.

"तुझ्याकडे पाहुणी म्हणून राहीन चार दिवस. मला माझ्या दाराची किल्ली हवी."

दादांनी घरं बघायला सुरुवात केली. सतरा घरं पाहिली. लोक घर बघताना खिडक्या बघतात, फरशी बघतात. दादा आत शिरले की आधी सगळे नळ बंद करायचे, बाहेर येऊन मीटरसमोर बसायचे आणि काटा हलतो का ते पाहायचे. काटा हलला की कुठेतरी भिंतीत पाणी मुरतंय. मग घरमालक कितीही गोड बोलला तरी दादा चप्पल घालून चालू लागायचे. सतरावं घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि भांडी घासायच्या ओट्यासमोर खिडकी. काटा अर्धा तास जागचा हलला नाही. दादांनी फोनवर ताईला सगळं घर फिरवून दाखवलं. ती म्हणाली, "त्या खिडकीपाशी परत ने." मग बराच वेळ काही बोललीच नाही. शेवटी म्हणाली, "हेच घे."

पण घेणार कसं? ताईला एवढा प्रवास लगेच झेपणारा नव्हता, आणि शिक्षिकाबाईंना लवकर लेकीकडे जायचं होतं. वकिलांनी मार्ग सांगितला: ताईंनी तिकडून मुखत्यारपत्र करून पाठवावं, म्हणजे त्यांच्या वतीने भाऊ सही करू शकेल. ताईने तिकडच्या वकिलातीत जाऊन, रांगेत उभं राहून ते केलं. तिथल्या अर्जावर तिला 'परदेशी नागरिक' अशी खूण करावी लागली. फोनवर हसत सांगत होती, "अरे, माझ्याच गावात घर घ्यायला मी आता परदेशी. बघ म्हणजे कमाल!" हसली खरी, पण दादांना ते लागलं.

जाड पाकीट आलं तेव्हा दादांनी ते कार्यालयात आणून माझ्या टेबलावर उघडलं. शिक्के, सह्या, आणि प्रत्येक पानावर ताईचा अंगठा. एक कलम त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. माझे मुखत्यार जे जे करतील ते मी स्वतः हजर राहून केले आहे असे समजण्यात यावे, असं काहीतरी.

"म्हणजे माझा हात तो तिचा हात?" ते म्हणाले.

"तसंच की."

"फार मोठं काम आहे गं हे." आणि पाकीट त्यांनी टॉवेलात गुंडाळून नेलं.

ठरल्या तारखेला आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. दुसरा साक्षीदार म्हणून शिक्षिकाबाईंचा जावई होता. आत गेलो तर एका पानावरचा वकिलातीचा शिक्का पुसट आला आहे म्हणून निबंधकांनी कागद परत केला. वकिलांनी पत्रव्यवहार केला, तिकडून खुलासा आला, पण त्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ताई आजारी पडली. आधी साधा ताप म्हणाली. मग एका रविवारी फोन आला तो भाचीचा. आई इस्पितळात आहे, फुप्फुसात पाणी झालंय, बोलली की दम लागतो. "काळजी करू नका मामा, डॉक्टर बघतायत," असं ती म्हणाली. पण तिचा आवाज वेगळंच सांगत होता.

दादा म्हणाले, मी निघतो. पण त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. ताईनेच फोन घेऊन तुटक तुटक शब्दांत सांगितलं, "तू येऊ नकोस. घराचं कर. मी येते."

त्या दिवशी संध्याकाळी दादा वकिलांकडे गेले. मी सोबत होते. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, मुखत्यारपत्र देणारं माणूस आजारी असलं तर चालतं ना?"

"चालतं की. शुद्धीवर असताना दिलंय ना? मग झालं."

"आणि... बरंवाईट झालं तर?"

वकिलांनी चष्मा काढला. "मग नाही. माणूस गेलं की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपलं. त्यानंतर तुम्ही केलेली सही म्हणजे नुसती रेघोटी. मग वारस आले, त्यांचे दाखले आले, सगळं पहिल्यापासून. आणि शिक्षिकाबाई तोवर थांबणार नाहीत, त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."



नवी तारीख मिळाली ती पुढच्या मंगळवारची. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नोंदणी कार्यालयात भिंतीला टेकून लांब बाक होते, वर पंखा होता पण वारा सगळा निबंधकांच्या टेबलाकडे जायचा. आमचा क्रमांक एकवीस, आणि चालू होता चौदा. दादा फाईल मांडीवर घेऊन बसले होते. फोन फाईलवर.  

बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना फोन थरथरला. पडद्यावर भाचीचं नाव. मी शेजारी होते, मला स्वच्छ दिसलं. मंगळवारी, या वेळेला, भाचीचा फोन. तिकडे पहाट उलटून नुकतंच उजाडलं असणार. दादांनी नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. थरथर थांबेपर्यंत त्यावर तळहात ठेवून बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणू शकले असते, दादा, उचला.  पण मलाही तेच वाटलं होतं जे त्यांना वाटलं. आणि ओट्यासमोरच्या खिडकीपाशी ताई गप्प झाली होती, ते मला आठवलं. मी समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत राहिले.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. त्यांनी तो खिशात टाकला. क्रमांक एकवीस पुकारला गेला. आम्ही आत गेलो, बसलो, कॅमेऱ्याकडे बघा म्हणाले, बघितलं. दादा अंगठा यंत्रावर ठेवत असताना तिसऱ्यांदा खिशात घरघर सुरू झाली. लिपिक म्हणाला, "घ्या हवं तर, घाई नाही."

"नको," दादा म्हणाले. "नंतर बघतो."

निबंधकबाईंनी मुखत्यारपत्र उलटून पालटून पाहिलं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दिवसातून दहा वेळा विचारत असतील. "मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्या हयात आहेत ना? आणि त्यांनी ते रद्द केलेलं नाही?"

 आधी दादांचे नुसते ओठ हलले. बाईंनी मान वर केली.

"हयात आहेत," दादा म्हणाले.

"तसं इथे लिहिलंय, त्याखाली सही करा."

त्यांनी सही केली. आधी ताईचं नाव, खाली 'यांच्या वतीने', आणि मग स्वतःचं. शिक्षिकाबाईंनी केली, मी केली, जावयाने केली. बारा वाजून पाच मिनिटांची पावती हातात पडली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, आता फोन करा."

"करतो. आधी किल्ली घेऊ," ते म्हणाले. शिक्षिकाबाई पुढे होऊन घरी वाट पाहत होत्या. त्यांनी प्रत्येक खोली दाखवली, कुठली कडी अडकते, कुठला दिवा कुठल्या बटणावर. दादा 'हो, हो' म्हणत होते आणि एकही शब्द त्यांच्या कानात शिरत नव्हता. बाई जावयाबरोबर गाडीत बसून गेल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडून आत आले तेव्हा दादा रिकाम्या स्वयंपाकघरात उभे होते. सव्वा वाजला होता. तेव्हा कुठे त्यांनी फोन लावला.

भाचीचा आवाज मलाही ऐकू आला. "मामा, आई गेली."

त्यांनी कधी, असं विचारलं नाही. ओट्याला धरून खाली बसले.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. बहीण गेल्याचं दुःख होतंच, पण त्यावर बसलेलं ते दुसरं ओझं त्यांना धड रडूही देत नव्हतं. त्यांची खात्री होती की पहिला फोन आला तेव्हाच ताई गेलेली होती. म्हणजे आपण सरकारी कागदावर मेलेल्या बहिणीला हयात म्हटलं, आणि जाणूनबुजून म्हटलं. घराची किल्ली त्यांनी कपाटात टाकली आणि तिकडे पाऊल टाकलं नाही. त्या महिन्यात त्यांनी आणलेल्या आकड्यांत एका घराचं मीटर मागच्या महिन्यापेक्षा मागे गेलेलं दिसलं. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, दार बंद होतं. टाकला अंदाजे." मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

त्यांच्या बायकोने मला फोन केला. "हे जेवत नाहीत. मला म्हणतात, मला पोलिसांत जायचंय. तुम्ही तरी समजवा."

शेवटी मीच त्यांना वकिलांकडे नेलं. दादांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मला निबंधकबाईंसमोर उभं करा. मी खोटं बोललो."

वकील म्हणाले, "आधी बसा. मृत्यूचा दाखला मागवा. त्यावर वेळ असते. ती बघू, मग कुणासमोर उभं राहायचं ते ठरवू."

दाखला घेऊन भाची स्वतःच आली. तिशीची, उंच, ताईसारखंच कपाळ. आमची भाषा नीट बोलायची, फक्त जरा शोधत शोधत. वकिलांच्या खोलीत तिने दाखला टेबलावर ठेवला. वेळ होती सकाळी सात वाजून पंचावन्न मिनिटं. त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा साडेचार तास मागे. वकिलांनी बोटांवर मोजलं, मी मनात मोजलं. बारा पंचवीस. पावती बारा पाचची.

"अहो, त्या हयात होत्या!" वकील जवळजवळ ओरडलेच. "वीस मिनिटं शिल्लक होती. तुम्ही खोटं बोललाच नाही. दस्त पक्का. काय माणूस आहात, उगाच महिनाभर जिवाला लावून घेतलंत." त्यांनी चहा सांगायला घंटी वाजवली.

माझ्या जिवात जीव आला. दादांनी डोळे मिटून घेतले होते. मग भाची म्हणाली, "मला एक समजलं नाही. मामा, तुम्ही फोन का नाही उचललात?"

दादांनी डोळे उघडले.

"आई जागी होती," भाची म्हणाली. "सकाळी तिला जाग आली आणि तिने तुमचं नाव घेतलं. बारक्याला फोन लाव म्हणाली. मी तिच्या कानाशी फोन धरला. तीन वेळा लावला. ती म्हणाली, कामात असेल, करेल तो. मग आम्ही वाट बघत बसलो."

दादांनी फार हळू आवाजात खरं ते सांगितलं. "मला वाटलं, ती गेली हे सांगायला तू फोन करतेस. ऐकलं असतं तर मला सही करता आली नसती."

"आणि सही झाल्यावर?"

"तेव्हाही... तेव्हा तर ऐकायचंच नव्हतं गं. जितका वेळ ऐकलं नाही तितका वेळ ती होती."

भाची उठली. चहा आला होता, पोऱ्याच्या हातातल्या ट्रेला तिचा धक्का लागला, चहा सांडला, ती 'सॉरी' म्हणाली आणि बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिली. मी तिच्या मागे गेले. तिला सांगावं असं ओठांवर आलं होतं, की मीही तिथेच होते, मलाही दिसत होतं. नाही सांगितलं. मी तिला नुसता रुमाल दिला.

ती चार दिवस राहिली, ती त्या घरात. एकटी. दादांच्या घरी जेवायला बोलावलं तर मामीशी बोलायची, मामाशी नाही. दादा रोज सकाळी जाऊन दाराबाहेर दुधाची पिशवी ठेवून यायचे. शेवटच्या दिवशी तिने दार उघडलं आणि विचारलं, "पाणी बंद कसं करायचं? बाहेरचं." दादांनी तिला मुख्य झडप दाखवली. कुठल्या बाजूला फिरवायची, किती. दोघं बोलले ते तेवढंच.

ती गेल्यावर महिन्याभराने वकिलांचा निरोप आला. घर भाड्याने द्यायचं आहे, त्यासाठी भाची मामाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवायला तयार आहे. वकील म्हणाले, तिने तुम्हाला माफ केलं असं समजा. दादा नाही म्हणाले. भाचीने स्वतः फोन केला, चिडली. "मी दर वेळी कशी येणार, मामा?"

"नको येऊस. घर राहू दे बंद. मी उघडझाप करत जाईन, पण सही तुझी तूच कर. दुसऱ्याच्या वतीने माझा हात आता चालायचा नाही."

दादा आता निवृत्त झाले आहेत. फोनची घंटी वाजली की ते हातातलं टाकून धावतात. कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरींशीही नीट बोलतात, चुकीचा नंबर लागला तरी 'कोण हवं होतं तुम्हाला' म्हणून चौकशी करतात. त्यांची बायको हसते, पण ते हसणं काही खरं नाही.

गेल्या महिन्यात भाची दुसऱ्यांदा आली. भाडेकरू मिळाला होता, करार नोंदवायचा होता, आणि ती स्वतः सहीला आली होती. साक्षीदार म्हणून पुन्हा मी. आम्ही तिघं त्याच बाकावर बसलो. पंखा तसाच. क्रमांकाला वेळ होता.  मग भाचीने समोर बघतच विचारलं, "मामा, त्या दिवशी फोन उचलला असता तर आईला काय म्हणाला असतात?"

मला वाटलं, आता हे काहीतरी मोठं बोलणार, माफी मागणार. दादांनी खरोखर विचार केला. आकडा वाचताना करायचे तसे डोळे बारीक केले.

"काय म्हणणार? म्हटलं असतं, ताई, ठेव जरा, सहीच्या रांगेत आहे, पाच मिनिटांत करतो."

भाचीच्या तोंडून एकदम हसू फुटलं. पाठोपाठ तिचे डोळे भरले, आणि तिने मामाच्या दंडावर जोरात चापट मारली, लागेल अशी. "आणि ती म्हणाली असती..."

"जेवलास का," दादा म्हणाले.

लिपिकाने आमचा क्रमांक पुकारला. भाची डोळे पुसत उठली, फाईल तिने स्वतःकडे घेतली. दादा बाकावरच बसून राहिले. आत त्यांचं काही काम नव्हतं.